१९६९ला जमलं ते आता का अडलंय? चंद्राच्या शर्यतीचं उत्तर विक्रोळी स्टेशनजवळ सापडतं

उल्हासनगरबद्दलचा एक विनोद सेंट्रल लाइनवर सगळ्यांना पाठ आहे. वस्तूवर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं दिसलं तर लगेच खूश व्हायचं नाही, कारण इथे यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. विनोद जुना आहे, पण त्यामागची गोष्ट खरी आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली. हाताला मिळेल ते त्यांनी बनवलं, विकलं आणि काही वर्षांत मुंबईच्या बाजाराला माल पुरवणारं शहर उभं केलं. कॅम्प नंबर एक ते पाच ही नावं तेव्हाची, ती आजही तशीच आहेत. सँपल दाखवा, तसाच माल करून देतो, हा या शहराचा खाक्या.

त्यामुळे सध्या रील्सवर फिरणारा एक प्रश्न कॅम्प नंबर ३ मधल्या माणसाला लगेच पटतो. अमेरिकेने १९६९ला चंद्रावर माणूस उतरवला. तेव्हाच्या यानातला कॉम्प्युटर आजच्या साध्या फोनपुढेही काहीच नव्हता. ड्रॉइंग त्यांच्याकडे, सँपल त्यांच्याकडे, पैसाही त्यांच्याकडे. मग तसंच दुसरं बनवून परत जायला ५० वर्षांहून जास्त वेळ का लागतोय? आणि आता चीन म्हणतोय की २०३०च्या आत आमचा माणूस तिथे उतरेल. ते खरंच जमणार आहे का?

कमेंटमध्ये याचं एक उत्तर हमखास असतं: ते गेलेच नव्हते. हे प्रकरण आधी मिटवलेलं बरं.

१९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेचं यान सहा वेळा चंद्रावर उतरलं. १२ माणसं तिथे चालली. येताना ३८२ किलो दगड आणि माती घेऊन आली. नील आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकल कॉलिन्स हे तिघं ऑक्टोबर १९६९मध्ये मुंबईत येऊन गेले, पण तो सत्काराचा दौरा होता, त्याने काही सिद्ध होत नाही. पुरावा त्या दगडांत आहे. त्यांतले काही नमुने मुंबईतही आले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, देवेंद्र लाल यांच्या गटाने त्यांचा अभ्यास केला. अवकाशातून येणारे वैश्विक किरण खनिजांत बारीक रेषा सोडून जातात. पृथ्वीवर डोक्यावर हवेचा जाड थर असल्यामुळे इथल्या दगडांवर ते किरण तसे पोचत नाहीत. चंद्रावरच्या दगडांत मात्र लाखो वर्षांच्या माऱ्याच्या खुणा असतात. त्या स्टुडिओत तयार करता येत नाहीत. शिवाय आपल्या चांद्रयान-२च्या ऑर्बिटरवरच्या कॅमेऱ्याने अपोलो ११चा तिथे राहिलेला खालचा भाग टिपलेला आहे. आणि ज्या सोव्हिएत रशियाला अमेरिकेचं नाक कापायला सर्वात जास्त आवडलं असतं, त्याने एकदाही 'हे खोटं आहे' असं म्हटलेलं नाही.

तर गेले होते. खरा प्रश्न पुढचा आहे.

ड्रॉइंग आहे, मग अडतं कुठे?

माणसांना चंद्राकडे नेणारं रॉकेट म्हणजे सॅटर्न ५. उंची ११० मीटर, आणि खालच्या टप्प्यात एफ-१ नावाची पाच अजस्र इंजिनं. त्याची ड्रॉइंग हरवली, अशी अफवा कितीतरी वर्षं फिरतेय. ती हरवलेली नाहीत, नासाने मायक्रोफिल्मवर जपून ठेवलीत.

साधारण २०१२-१३च्या सुमाराला नासाच्या तरुण इंजिनिअरांनी जपून ठेवलेलं एक एफ-१ इंजिन खोललं. आपल्याला नवं मोठं इंजिन करायचं असेल तर यातून काय शिकता येईल, हे त्यांना बघायचं होतं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कागदावरचं इंजिन आणि समोरचं इंजिन यात फरक आहे. त्या काळी वेल्डिंग हाताने व्हायचं. एकेका इंजिनात शेकडो जोड. कुठे भोक थोडं सरकवलेलं, कुठे पत्रा किंचित वाकवून बसवलेला, कुठे जोड जास्त भरलेला. प्रत्येक इंजिन त्या त्या फिटर-वेल्डरने आपल्या अंदाजाने जुळवून घेतलेलं होतं. यातलं बरंचसं ड्रॉइंगवर चढलंच नाही. ते कारागिरांच्या हातात होतं, आणि ते कारागीर केव्हाच निवृत्त झाले होते. सुटे भाग देणाऱ्या कंपन्या बंद पडल्या होत्या किंवा दुसऱ्याच धंद्यात गेल्या होत्या.

उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्यातल्या जुन्या माणसांना हे वेगळं समजवावं लागत नाही. अंबरनाथची विम्को, मोहन्याची एनआरसी. एनआरसी २००९ला बंद पडली. आता कुणी तिथल्या जुन्या मशीनची सगळी ड्रॉइंग आणून दिली आणि म्हणालं, उद्यापासून पुन्हा रेयॉन काढा, तर कुठून काढणार? मशीन भंगारात गेलं. कुठला व्हॉल्व्ह किती फिरवला की धागा तुटत नाही, हे ज्याला माहीत होतं तो माणूस गावी गेला, नाहीतर रिक्षा चालवायला लागला. त्याच्या पोराला ते कुणी शिकवलं नाही, कारण शिकवायला कारखाना राहिला नव्हता.

अमेरिकेचं चंद्राच्या बाबतीत नेमकं हेच झालं, फक्त मोठ्या प्रमाणावर. अपोलोच्या ऐन काळात तिथे जवळपास ४ लाख माणसं या कामावर होती. १९६६ला अमेरिकी सरकारच्या एकूण खर्चातला चार टक्क्यांहून जास्त हिस्सा एकट्या नासाकडे जात होता. आज तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. डिसेंबर १९७२मध्ये अपोलो १७ परत आलं, त्याआधीच सॅटर्नची लाइन बंद झाली होती. रशियाला हरवायचं होतं, हरवून झालं, दुकान बंद.

नंतर परत जायच्या घोषणा भरपूर झाल्या. १९८९ला थोरल्या बुशनी केली. २००४ला धाकट्या बुशनी केली, तीही '२०२०पर्यंत चंद्रावर' अशी तारखेसकट. २०१०ला ओबामांनी ती गुंडाळली. दर चार-आठ वर्षांनी मालक बदलतो आणि नवा मालक जुन्याची ऑर्डर रद्द करतो, अशा वर्कशॉपमध्ये कोण टिकणार?

आणखी एक फरक आहे, त्यावर फार बोललं जात नाही. जानेवारी १९६७मध्ये अपोलो १च्या यानाला जमिनीवरच्या चाचणीत आग लागली आणि तीन अंतराळवीर गेले. त्यानंतर अडीच वर्षांत अमेरिका चंद्रावर उतरली. आज तो वेग कुणी धरणार नाही. १९८६ला चॅलेंजर गेलं, २००३ला कोलंबिया गेलं. कोलंबियात आपली कल्पना चावला होती, त्यामुळे ते दुःख भारतातही घराघरात पोचलं. आता प्रत्येक बोल्ट दहादा तपासला जातो. त्यात वर्षं जातात, आणि ती गेलेलीच बरी.

अमेरिकेचा प्लॅन: जुनं इंजिन, नवी बॉडी, आणि पाण्याच्या टँकरचा हिशोब

अमेरिकेच्या सध्याच्या मोहिमेचं नाव आर्टेमिस. रॉकेटचं नाव एसएलएस. त्याच्या मुख्य टप्प्याला लावलेली चार आरएस-२५ इंजिनं मूळची स्पेस शटलची आहेत. आर्टेमिस १मध्ये वापरलेली इंजिनं तर आधी शटलवर उडून आलेली होती. जुनं इंजिन काढून नवीन बॉडीत बसवलंय, एवढं सांगितलं तरी कॅम्प ३ मधल्या गॅरेजवाल्याला अर्धा विषय कळेल. फरक इतकाच की शटलची ही इंजिनं परत यायची, आणि आता एकदा वापरून समुद्रात जातात. नासाच्याच महानिरीक्षकांनी २०२२मध्ये हिशोब मांडला होता की पहिल्या चार मोहिमांत एका उड्डाणाचा खर्च ४१० कोटी डॉलरच्या घरात जातो. चांद्रयान-३चा सगळा खर्च साधारण ६१५ कोटी रुपये होता. एक आकडा डॉलरमध्ये आहे आणि दुसरा रुपयांत, हे परत एकदा वाचा.

नोव्हेंबर २०२२मध्ये आर्टेमिस १ रिकामं, माणसांशिवाय चंद्राला फेरी मारून आलं. परत येताना यानाच्या उष्णतारोधक कवचाचे तुकडे अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. त्याचं कारण शोधण्यात दोन वर्षं गेली. डिसेंबर २०२५ची स्थिती अशी की आर्टेमिस २ची तयारी चालू आहे आणि २०२६च्या पहिल्या चार महिन्यांत ते उडवायचं असं ठरलंय. रीड वाइजमन, व्हिक्टर ग्लोव्हर, क्रिस्टीना कॉक आणि कॅनडाचे जेरेमी हॅन्सन असे चौघं जाणार आहेत. पण ते चंद्रावर उतरणार नाहीत. मागून वळसा घालून साधारण दहा दिवसांत परत येणार. बातम्यांत 'माणूस चंद्रावर' असं छापून येईल, तेव्हा हे लक्षात ठेवा.

उतरण्यासाठी वेगळं यान लागतं, आणि खरं घोडं इथे अडलंय. ते काम एप्रिल २०२१मध्ये इलॉन मस्क यांच्या स्पेसएक्सला मिळालं, साधारण २९० कोटी डॉलरना. त्यांचं स्टारशिप ५० मीटरच्या आसपास उंच आहे. एवढं मोठं धूड पृथ्वीच्या कक्षेत पोचेपर्यंतच त्याचं जवळपास सगळं इंधन संपतं. चंद्रापर्यंत जायचं तर वरच टाकी भरावी लागते. म्हणजे मागून इंधन भरलेली स्टारशिप एकामागून एक पाठवायची, त्यांनी कक्षेत यायचं, जोडून घ्यायचं आणि इंधन ओतायचं. अशा किती खेपा लागतील, यावर एकमत नाही. दहाच्या वर तर नक्की, काही अंदाज वीसच्या जवळ जातात.

पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या सोसायटीला हा हिशोब लगेच कळेल. पाच टँकर लागणार असतील आणि तिसरा उशिरा आला तर काय होतं? पाण्याच्या बाबतीत फार काही होत नाही, थोडी चिडचिड होते. इथे टाकीत द्रवरूप मिथेन आहे उणे १६० अंशांच्या आसपास आणि द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशांच्या आसपास. उन्हात थांबलं की ते उकळून उडून जातं. चौथा टँकर येईपर्यंत पहिल्याचं इंधन कमी झालेलं असतं, म्हणून अजून एक टँकर बोलवावा लागतो. आणि एका यानातून दुसऱ्या यानात एवढं अतिथंड इंधन भरणं आजवर कुणीही करून दाखवलेलं नाही.

२०२५ हे वर्ष स्टारशिपला विचित्र गेलं. जानेवारी, मार्च आणि मे अशा तिन्ही उड्डाणांत वरचं यान नष्ट झालं. जूनमध्ये एक यान जमिनीवर चाचणी चालू असतानाच फुटलं. मग ऑगस्ट आणि ऑक्टोबरची उड्डाणं चांगली झाली. नोव्हेंबरमध्ये नव्या आवृत्तीचा बूस्टर चाचणीत फाटला. ऑक्टोबरमध्येच नासाचे तेव्हाचे प्रभारी प्रमुख शॉन डफी यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की स्पेसएक्स मागे पडलंय, हे काम दुसऱ्यांसाठीही खुलं करू. २०२३मध्ये नंतरच्या मोहिमेचं कंत्राट जेफ बेझोस यांच्या ब्लू ओरिजिनला दिलेलं आहेच. १८ डिसेंबर २०२५ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आदेश काढला की अमेरिकी माणूस २०२८पर्यंत चंद्रावर उतरला पाहिजे. त्यांची मुदत जानेवारी २०२९मध्ये संपते. ही तारीख इंजिनिअरांनी काढलेली वाटत नाही.

चीनचा प्लॅन: दोन गाड्या, एक भेट

चीनचा प्लॅन ऐकायला कंटाळवाणा आहे, आणि तीच त्याची जमेची बाजू. लाँग मार्च-१० नावाची दोन रॉकेटं सोडायची. एकातून लान्यूए हे उतरणारं यान, दुसऱ्यातून मेंगझोऊ हे माणसांचं यान. दोघं चंद्राच्या कक्षेत भेटणार, दोन अंतराळवीर लान्यूएमध्ये जाणार, खाली उतरणार, काही काळाने वर येणार, परत मेंगझोऊमध्ये बसून घरी. कक्षेत टाकी भरणं नाही, ५० मीटरचं धूड नाही. अपोलोचीच पद्धत, फक्त सामान दोन गाड्यांत वाटलेलं.

जून २०२५मध्ये त्यांनी मेंगझोऊची आपत्कालीन सुटकेची चाचणी घेतली. ६ ऑगस्टला हबेई प्रांतात लान्यूएची उतरण्याची आणि उडण्याची चाचणी झाली. त्यानंतर १५ ऑगस्टला, आपल्याकडे झेंडावंदन चालू होतं त्या दिवशी, लाँग मार्च-१०ची सात इंजिनं एकत्र जमिनीला बांधून पेटवून बघितली. हे रॉकेट पूर्ण रूपात अजून एकदाही उडालेलं नाही, हे विसरायला नको. शिवाय चीनमध्ये काय बिघडलं ते बाहेर येतंच असं नाही. अमेरिकेत रॉकेट फुटलं की दहा मिनिटांत व्हिडिओ तुमच्या फोनवर असतो. त्यामुळे एकाची फजिती दिसते आणि दुसऱ्याची दिसत नाही, यावरून लगेच निकाल काढणं धोक्याचं.

पण चीनकडे एक गोष्ट आहे जी अमेरिकेकडे १९७२नंतर राहिली नाही. तिथे वर्कशॉप बंद पडलं नाही. २०१३ला चांग'ए-३ उतरलं. २०१९ला चांग'ए-४ चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरलं, जिथे तोवर कुणीच उतरलं नव्हतं. २०२०ला चांग'ए-५ माती घेऊन आलं. जून २०२४मध्ये चांग'ए-६ने पलीकडच्या बाजूची जवळपास दोन किलो माती आणली. २०२२पासून त्यांच्या अंतराळ स्थानकात सतत माणसं आहेत. उतरवायचं यान बनवणारी टीम, इंजिन बनवणारी टीम, वेल्डर, फिटर सगळे एका कामावरून दुसऱ्यावर जात राहिले. नोव्हेंबर २०२५मध्ये त्यांच्या शेन्झोऊ-२० यानाच्या खिडकीला तडा गेलेला सापडला. अंतराळवीर दुसऱ्या यानातून परत आले आणि काही दिवसांत एक रिकामं यान स्थानकाकडे पाठवलं गेलं, वर राहिलेल्यांना परतीची गाडी असावी म्हणून. तयार यान आणि तयार रॉकेट गोदामात असल्याशिवाय असं करता येत नाही.

मग कोण आधी पोचणार?

तंत्रज्ञान दोघांच्या आवाक्यात आहे. पण आत्ताच्या स्थितीवर बोट ठेवून सांगायचं तर २०३०च्या आसपास चीनचा माणूस तिथे असण्याची शक्यता जास्त धरावी लागेल. अमेरिकेचं रॉकेट आणि माणसांचं यान चीनच्या पुढे आहे, उडून आलेलं आहे. उतरणारं यान मात्र बरंच मागे आहे, आणि त्याच्या वाटेत कधीही न केलेल्या दोन-तीन गोष्टी आहेत. चीनच्या वाटेत मोठं रॉकेट पहिल्यांदा उडवणं आहे, तेही सोपं नाही. सोव्हिएत रशियाचं एन-१ रॉकेट १९६९ ते १९७२ या काळात चार वेळा उडालं आणि चारही वेळा फुटलं. त्यांची चंद्रावर जायची योजना तिथेच संपली. त्याच रशियाचं लुना-२५ ऑगस्ट २०२३मध्ये चंद्रावर आदळलं, आपलं चांद्रयान उतरायच्या चार दिवस आधी. मधल्या काळात १९७६नंतर रशियाने चंद्रावर एकही यान पाठवलं नव्हतं.

आधी पोचून मिळणार काय, असं कुणी विचारेल. १९६७च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चंद्रावर कुणालाही मालकी सांगता येत नाही. पण दोघांचाही डोळा दक्षिण ध्रुवाकडे आहे. तिथे जवळपास कायम ऊन असणाऱ्या मोजक्या कडा आहेत आणि शेजारी कायम अंधार असणारी विवरं, जिथे बर्फ असण्याची शक्यता आहे. ऊन म्हणजे वीज, बर्फ म्हणजे पाणी, ऑक्सिजन आणि इंधन. अशा जागा फार नाहीत. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारात 'सुरक्षा क्षेत्रा'ची तरतूद आहे, म्हणजे एकाचं काम चालू असेल तिथे दुसऱ्याने अडथळा आणायचा नाही. फेरीवाल्याची जागा त्याच्या नावावर नसते, पण रोज सकाळी सहाला येऊन पाट टाकला की ती कुणाची, हे आख्ख्या बाजाराला माहीत असतं.

भारताने या करारावर जून २०२३मध्ये सही केली. चीन आणि रशियाचा तळ उभारायचा वेगळा गट आहे. आणि या दोन गटांनी आपसात बोलायचंही वांधं आहे, कारण अमेरिकी संसदेने २०११मध्येच नासाला चीनसोबत थेट काम करायला बंदी घातलेली आहे.

विक्रोळीचा मुद्दा

उल्हासनगरहून सीएसएमटीकडे जाणारी स्लो लोकल कल्याण, ठाणे, मुलुंड, भांडुप करत विक्रोळीला थांबते. पूर्वेला गोदरेजची वसाहत आणि कारखाने. बहुतेकांना गोदरेज म्हणजे कपाट आणि कुलूप. पण याच विक्रोळीत इस्रोच्या रॉकेटची विकास इंजिनं तयार होतात आणि सीई-२० या क्रायोजेनिक इंजिनाचं कामही इथे होतं. चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ रॉकेटने गेलं, त्याच्या मधल्या टप्प्यात दोन विकास इंजिनं होती आणि वरच्या टप्प्यात एक सीई-२०. बाजूच्या दोन जाडजूड एस-२०० बूस्टरची पोलादी आवरणं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरमध्ये बनतात. साखर कारखान्यासाठी वसलेल्या त्या गावातली कंपनी १९७०च्या दशकापासून इस्रोचं काम करतेय.

विकास इंजिनाची गोष्ट तर या सगळ्या विषयावरचं उत्तरच आहे. ते मूळचं फ्रान्सच्या व्हायकिंग इंजिनावरून आलं. १९७४च्या करारात भारताने फक्त ड्रॉइंग मागितली नाहीत. आपले इंजिनिअर फ्रान्समध्ये जाऊन त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करतील आणि त्या बदल्यात तंत्रज्ञान मिळेल, असा व्यवहार झाला. नंबी नारायणन यांच्या नेतृत्वाखालची टीम तिथे राहिली, हात काळे करून शिकली, आणि १९८५मध्ये भारतात बनलेलं इंजिन फ्रान्समध्येच पेटवून तपासलं गेलं. क्रायोजेनिकच्या वेळी याच्या उलट झालं. रशियाकडून तंत्रज्ञान मिळणार होतं, १९९२मध्ये अमेरिकेने निर्बंध लावले, आणि रशियाने तयार इंजिनं दिली पण ती बनवायची कशी ते दिलं नाही. सँपल हातात होतं! तरीही स्वतःचं इंजिन यशस्वी उडवायला २०१४ उजाडलं. त्याआधी २०१०ला एकदा अपयशही आलं.

म्हणजे सँपलवरून माल करून देणाऱ्या शहराचा अनुभव इथे अर्धाच लागू पडतो. उल्हासनगरलाही खरं तर हे माहीत आहे. फर्निचर असो वा जीन्स, नक्कल जमली ती बघून नव्हे, रोज करून. रोज ऑर्डर होती म्हणून हात बसला.

भारताचं स्वतःचं लक्ष्य २०४० आहे. २०२३मध्ये पंतप्रधानांनी इस्रोला सांगितलं की २०३५पर्यंत अंतराळ स्थानक आणि २०४०पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस. व्हॉट्सॲपवर याचं 'आता आपणही शर्यतीत' असं झालं. तसं ते नाही. चांद्रयान-३चं विक्रम लँडर रोव्हर धरून पावणेदोन टनांचं होतं, चीनचं लान्यूए साधारण २६ टनांचं आहे. आपल्याकडे माणसांना घेऊन पृथ्वीभोवती फिरणारं यानही अजून उडालेलं नाही. गगनयानची माणसांसह मोहीम २०२७ला करायचं सध्या ठरलंय. शुभांशू शुक्ला २०२५च्या जून-जुलैमध्ये अंतराळ स्थानकात जाऊन आले, पण ते अमेरिकेच्या यानातून. आणि हो, चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवावर उतरलं असं जे सर्रास म्हटलं जातं, ते ६९ अंश दक्षिणेला उतरलं. ध्रुवाच्या बाजूला, त्या भागात पहिल्यांदाच, पण ध्रुवावर नाही.

तरी मधल्या पायऱ्या रचल्या जातायत, हे बघायला हवं. जानेवारी २०२५मध्ये स्पेडेक्स मोहिमेत दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले गेले. ही जोडणी जमल्याशिवाय चंद्रावरून परत येण्याचा विचारही करता येत नाही. शेजारच्या अंबरनाथमध्ये डीआरडीओची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे, तिथे पाणबुडीसाठी फ्युएल सेल बनवलेत. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज, आणि सोबत पाणी. अपोलोच्या यानांना वीज आणि प्यायचं पाणी याच प्रकारच्या यंत्रातून मिळायचं. इस्रोने आपला छोटा फ्युएल सेल जानेवारी २०२४मध्ये अवकाशात चालवून बघितला.

भारताची अडचण वेगळीच आहे, ऑर्डरची. चांद्रयान-१ गेलं २००८ला, चांद्रयान-२ गेलं २०१९ला. मध्ये ११ वर्षं. चांद्रयान-३ला चार वर्षं लागली, तीही दुसऱ्याचं लँडर आदळल्यावर त्याच टीमने लगेच हात घातला म्हणून. एलव्हीएम-३ वर्षाला एक-दोनदा उडतं, एखाद्या वर्षी एकदाही नाही. एवढ्या कामावर विक्रोळीच्या किंवा वालचंदनगरच्या शॉपमध्ये किती वेल्डर कायम ठेवायचे, हा कंपनीला पडणारा साधा हिशोब आहे. अंबरनाथच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या पोराने टायटॅनियमचं वेल्डिंग शिकायला दोन-तीन वर्षं घालवावीत की सरळ दुबईचा व्हिसा बघावा, हा त्याचा हिशोब.

सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-४ला मंजुरी दिली, २१०४ कोटी रुपये. माणूस नाही, पण उतरायचं, माती उचलायची, परत उडायचं आणि घरी आणायची, म्हणजे माणसाला जे करावं लागेल ते सगळं. त्यासाठी दोन एलव्हीएम-३ लागणार आहेत. विक्रोळीच्या भाषेत ती ऑर्डर अशी: चार विकास, दोन सीई-२०. वालचंदनगरसाठी चार एस-२००.